जुनी फोर्ड टूरिंग: घाटात उलटी काहून चढवत होते?

परतवाडा_शेतकरी: राम राम मंडळी. मामाच्या वाड्यात गोठ्यामागं एक जुनी उघडी फोर्ड उभी हाये, कापडाचा टप, लाकडी आऱ्याची चाकं. गिअरची दांडीच नाही, खाली तीन पेडल, अन् पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. मामा सांगते का आबाजी चिखलदऱ्याचा घाट गाडी उलटी टाकून चढत. हे खरं असू शकते का? मेकॅनिक म्हणते इंजिन काढून डिझेल बसवू, बसवावं का?

जुनं_इंजिन_वर्धा: अजिबात बसवू नका भाऊ!! वर्णनावरून मॉडेल टी दिसते, 1908 ते 1927 पर्यंत दीड कोटी निघाल्या. मामाचं खरं हाये. तिले पेट्रोलचा पंपच नाही, टाकीतून पेट्रोल आपल्या वजनानं कार्बोरेटरमधी (पेट्रोल अन् हवा मिसळते तो भाग) उतरते, मंग खडा चढ अन् टाकी अर्धी असली का इंजिन वर, टाकी खाली, अन् पेट्रोल येणं बंद. उलटी केली का टाकी वर जाते. वरून रिव्हर्सची ताकद पहिल्या गिअरपेक्षा जास्त, म्हणून मोठ्या चढाले उलटंच जात.

गिअर पायात हाये. डावं पेडल पुरं दाबलं का लो म्हणजे हळू गिअर, अर्ध्यात न्यूट्रल, अन् हातब्रेक पुढं करून पाय सोडला का हाय म्हणजे वेगाचा गिअर. मधलं रिव्हर्स, उजवं ब्रेक. ॲक्सिलरेटर पायात नाही, स्टीअरिंगखाली दोन दांड्या असतीन, एक थ्रॉटलची, म्हणजे वेग कमी-जास्त करायची, अन् एक स्पार्कची, म्हणजे ठिणगी लवकर-उशिरा पाडायची. इतकं डोक्यानं केलेलं काम डिझेल टाकून मोडायचं म्हणजे लय जिवावर येते.

हँडलवाला: चालू करायच्या आधी एक ऐका. स्पार्कची दांडी मागं, म्हणजे ठिणगी उशिरा पडंल अशी, घेतल्याशिवाय हँडल मारू नका, इंजिन उलटा झटका देते अन् मनगट मोडते. हँडल डाव्या हातानं, खालून वर ओढायचं, अंगठा बोटांच्याच बाजूनं ठेवायचा. अन् लाकडी पेटीत ठिणगी पाडणाऱ्या चार कॉइल असतीन, त्या भंगारात देऊ नका, चालू कॉइल मधमाशीवानी गुणगुणते. इंजिनच्या डाव्या बाजूले, पाणी जाते तिथं वर, नंबर कोरला असते, तो पाहा.

परतवाडा_शेतकरी: पाह्यला. आधी 'सी' हाये, मंग आकडे. अन् डायवरच्या बाजूचा दरवाजा पण उघडते.

जुनं_इंजिन_वर्धा: 'सी' म्हणजे कॅनडा, मंग गाडी कॅनडातली. अमेरिकेतल्या टूरिंगले त्या बाजूले लय वर्षं नुसता दाबून काढलेला खोटा दरवाजा होता. आता पहिले टाकी उतरवून आतला गंज काढा, कार्बोरेटर नंतर. अन् मेकॅनिकले सध्या हात लावू देऊ नका.