मदत हवी आहे: मिनी १००० (९९८ सीसी) साठी वॉटर पंप कोणता घ्यावा?

अर्धाचोक
गाडी मिनी १०००, ९९८ सीसी ए-सिरीज इंजिन, डायनॅमोवाली (म्हणजे बॅटरी चार्ज करायला जुना जनरेटर). पंपाच्या नाकाखालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकतंय आणि फॅनचं पातं धरून हलवलं की बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) हाताला लागतो. पंप बदलायचा हे नक्की. पण याच गाडीचे म्हणून तीन पंप मिळताहेत: ओतीव लोखंडाचा, वर बायपासचं नळकांडं असलेला, ॲल्युमिनियमचा, नळकांडं नसलेला, आणि मोठ्या इंपेलरचा (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचा), 'इंजिन जास्त थंड ठेवतो' अशा जाहिरातीचा. कोणता घ्यावा आणि बसवताना काय सांभाळावं?

टॅपेट_बारा
मॉडेल आणि साल बघून पंप घेऊ नका, समोरच्या इंजिनावरून घ्या. या गाड्यांची इंजिनं अदलाबदल झालेली असतात. आधी डायनॅमोच्या वर ब्लॉकवर रिव्हेट केलेली पट्टी पुसून इंजिन नंबर वाचा. ९९एच ने सुरुवात असेल तर ९९८ आहे. मग या तीन गोष्टी बघा.

बायपास: पंपाच्या डोक्यावरून सिलिंडर हेडच्या बुडाशी जाणारा बोटभर होज आहे का? असेल तर नळकांडंवालाच पंप हवा. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना रेडिएटरकडचा रस्ता बंद असतो, तेव्हा हेडमधलं पाणी या होजमधून फिरतं. बिननळकांड्याचा पंप लावायचा तर हेडकडचं तोंड बुजवावं लागतं आणि थर्मोस्टॅटच्या चकतीला ३ मिमीची तीन-चार भोकं पाडावी लागतात. नाहीतर हेड तापतं, पण थर्मोस्टॅटपाशी गरम पाणी पोचतच नाही, तो उघडायला उशीर करतो. भोकं पाडल्यावर इंजिन गरम व्हायला वेळ लागतो तो वेगळाच. एवढा खटाटोप कशाला?

हबची उंची: ब्लॉकला टेकणाऱ्या तोंडापासून पुली बसते त्या हबच्या तोंडापर्यंतचं अंतर जुन्या आणि नव्या पंपावर व्हर्नियरने मोजा. फरक असेल तर तीनही पुल्या एका रेषेत येत नाहीत, बेल्ट एका कडेने झिजतो आणि नवं बेअरिंगही लवकर जातं.

डायनॅमोचा कान: डायनॅमोचा पुढचा एक आधार पंपाच्या बॉडीवरच असतो. कानाची जागा आणि जाडी जुळली पाहिजे. डायनॅमो जड, त्यात सतत थरथर. म्हणून माझं मत लोखंडी बॉडीला.

गंजका_नट
वरच्याशी सहमत. मोठ्या इंपेलरबद्दल: मूळ ९९८ ला त्याची गरज नाही. पाणी तापत असेल तर दोष बहुधा गाळ धरलेल्या रेडिएटरचा, सैल बेल्टचा किंवा रेडिएटरच्या स्प्रिंग गेलेल्या झाकणाचा असतो. शिवाय मोठा इंपेलर ब्लॉकच्या खोबणीत घासू शकतो. घ्यायचाच असेल तर पात्यांवर मऊ मातीचे गोळे चिकटवून गॅस्केटसकट पंप बसवा, हाताने आवळा, काढून मातीची जाडी बघा. कुठेही माती पार दबून गेली असेल तर तो पंप नको. कोणत्याही नव्या पंपाची ही चाचणी करावी, कारण इंपेलर शाफ्टवर कमी-जास्त दाबून बसवलेले पंप सर्रास निघतात.

बसवताना: रेडिएटर काढूनच काम करा, अंगठे वाचतील. बायपास होज आधी पंपावर चढवा, क्लिपांचे स्क्रू तुमच्या बाजूला वळवून ठेवा, मग पंप जागेवर न्या. जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडताना ब्लॉकमध्ये चिंधी कोंबा. सीलंट लावायचंच तर पातळ हात फिरवा; जास्त झालं की आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं.

सगळ्यात जास्त घोटाळा बोल्टांचा. ब्लॉकमधले आटे ५/१६ यूएनसी, म्हणजे इंची मापाचे, इंचाला १८. एम८ चा (८ मिमीचा, मेट्रिक आट्यांचा) बोल्ट व्यास जवळपास सारखा असल्यामुळे दोन फेरे मजेत जातो आणि मग जाम होतो. तिथे जोर लावला की ब्लॉकचे आटे गेले. बोल्ट हाताने शेवटपर्यंत जाईल तरच पाना लावा. चारही तिरपे-तिरपे, साधारण २२ न्यूटन मीटरपर्यंत.

अर्धाचोक
आभारी आहे. इंजिन नंबर ९९एच, बायपास होज आहे. म्हणजे लोखंडी, नळकांडंवाला. अजून दोन शंका: बायपास होज साधा घ्यावा की घड्यांचा? आणि जुन्या पंपाच्या बॉडीवर एक स्क्रू आहे, तो ग्रीससाठीच ना?

टॅपेट_बारा
पंप काढलेलाच आहे तर साधा, जाड भिंतीचा होज घाला. घड्यांचा होज पंप न काढता दाबून घुसवता येतो एवढाच त्याचा फायदा; पण घडीत भेग लवकर पडते. 

स्क्रू ग्रीसचाच. नव्या पंपावर तो नसेल तर बेअरिंग कायमचं सीलबंद आहे, काही करायचं नाही. असेल तर थोडं ग्रीस नुसतं भरा, ग्रीसगनने दाब देऊ नका. दाबाने ग्रीस बेअरिंग ओलांडून कार्बनच्या सीलवर जातं आणि नवा पंप पहिल्या दिवसापासून गळतो.

गंजका_नट
एक राहिलं. नवा पंप हाताने फिरवताना थोडा घट्ट लागतो, तो सीलमुळे. बेअरिंग खराब समजून परत करू नका. कोरडा मात्र फिरवत ठेवू नका आणि पाणी भरल्याशिवाय इंजिन चालू करू नका. हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून सावकाश भरा, म्हणजे हवा अडकणार नाही. बेल्ट सगळ्यात लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर १३ मिमी दबला पाहिजे. त्याहून ताणला तर भार थेट पंपाच्या बेअरिंगवर येतो. पहिली काही मिनिटं खालच्या भोकातून थेंब दिसला तर घाबरू नका, सील बसतंय. गाडी तापून निवल्यावरही ठिबकत असेल तर पंप बदलून मागा.

कूलंट जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं घ्या, कारण रेडिएटर पितळी आणि त्याला शिशाचं डाख. दर दोन वर्षांनी बदला. थर्मोस्टॅट ८२ अंश सेल्सियसला उघडणारा, आणि तोही आत्ताच नवा टाका.