मदत हवी आहे: उपकेंद्रातली रात्रपाळी, काम थोडं आणि वेळ जाता जात नाही

नवा_ऑपरेटर:
३३/११ केव्ही उपकेंद्रावर (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणाऱ्या) कंत्राटी ऑपरेटर म्हणून नुकताच लागलो आहे. रात्री ११ ते सकाळी ७ एकटाच असतो. ५ एमव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीचे चार फीडर (बाहेर वीज नेणाऱ्या लाईन), त्यातले दोन शेतीचे. दर तासाला रीडिंग लिहायचं, वेळापत्रकाप्रमाणे शेतीचे फीडर चालू-बंद करायचे, संपलं काम. तासातली पन्नास मिनिटं मोकळी आणि अडीचनंतर डोळे आपोआप मिटतात. जागं कसं राहायचं? अभ्यास केला तर चालेल का? आणि या वेळात उपकेंद्राच्या उपयोगाचं काय करता येईल? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

फीडर_पिलर:
सर्वात आधी, रीडिंग खुर्चीत बसून लिहू नका. रिकाम्या रात्रीची पहिली वाईट सवय म्हणजे तीनचं रीडिंग अडीचलाच भरून ठेवणं. मग पावणेतीनला फीडर उडतो आणि लॉगशीटवर तीनला लोड दिसतो. चौकशीत पहिल्यांदा तोच कागद मागतात.

दर तासाची खरी फेरी अशी करा. पॅनेलवर प्रत्येक फीडरचा तिन्ही फेजचा करंट बघा, एकाच फेजवर भागवू नका. एक फेज अचानक पडला तर लाईनवर कुठेतरी जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) तुटला असण्याची शक्यता असते, आणि तेवढ्यावर रिले (बिघाड ओळखणारं उपकरण) ट्रिप देईलच, म्हणजे ब्रेकर उघडून लाईन बंद करेलच, असं नाही. ५ एमव्हीएला ११ केव्ही बाजूचा पूर्ण लोड साधारण २६२ अँपिअर आणि ३३ केव्ही बाजूचा ८७. हे दोन आकडे पॅनेलजवळ लिहून ठेवा. मग टॉर्च घेऊन, बूट घालून यार्डात. तेलाचं आणि वाइंडिंगचं तापमान, कन्झर्वेटरची (वरच्या तेलटाकीची) तेलपातळी, ब्रीदरमधली (टाकीत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डब्यातली) सिलिका जेल. निळी जेल गुलाबी झाली म्हणजे तिनं ओलावा धरला. बदलण्यासाठी दिवसपाळीला नोंद द्या.

रात्रीचा एक फायदा दिवसपाळीला मिळत नाही. लोड भरपूर असताना यार्डातले दिवे मिनिटभर घालवा आणि कुंपणाबाहेरून किंवा नेहमीच्या सुरक्षित जागेवरून क्लॅम्प, जंपर, इन्सुलेटरच्या डिस्क बघा. सैल क्लॅम्प फार तापला असेल तर अंधारात लालसर दिसतो, खराब इन्सुलेटरवर ठिणग्या दिसतात. फोटो न काढता जागा आणि फेज लिहा, पुढच्या आउटेजला (वीज बंद ठेवतात तेव्हा) क्लॅम्प घट्ट करून घेता येतो. ट्रान्सफॉर्मरची घुरघुरही रोज कान देऊन ऐका. बदल चटकन कळतो.

डीसी_बसबार:
वरच्याला अनुमोदन, पण बॅटरी राहिली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. रिलेनं फॉल्ट ओळखला तरी ब्रेकर उघडणारी ट्रिप कॉइल बॅटरीच्या डीसीवर चालते. रात्री चार्जर बंद पडला, कुणाचं लक्ष नाही, बॅटरी उतरत गेली, की फॉल्टच्या वेळी ब्रेकर उघडतच नाही. मग मागचं ३३ केव्ही उडतं, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो.

३० व्होल्टचा सेट असेल तर २ व्होल्टचे १५ सेल असतात. फ्लोटवर (चार्जर जोडलेला, बॅटरी भरलेली असताना) एकूण ३३ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. दर तासाला डीसी व्होल्ट आणि 'ट्रिप सर्किट हेल्दी'चा दिवा बघाच. मोकळ्या वेळात रोज दोन-तीन सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या आम्लाची सापेक्ष घनता) घ्या, आठवड्यात पूर्ण सेट होतो. पूर्ण चार्ज सेल १.२०० च्या जवळ दाखवतो. एखादाच सेल बराच खाली असेल तर त्याचा नंबर लिहून कळवा. गॉगल, हातमोजे घाला, पंखा चालू ठेवा. बॅटरी खोलीत हायड्रोजन साचतो, बिडी-काडेपेटी आत न्यायचीच नाही.

पाळीवाला:
झोपेबद्दल. पहाटे २ ते ६ शरीर सगळ्यात मंद असतं, त्यात इच्छाशक्तीचा दोष नाही. १९४८ साली नॉर्मन मॅकवर्थ यांनी दाखवलं की एकाच तबकडीकडे टक लावून बसलेल्या माणसाचं लक्ष पहिल्या अर्ध्या तासातच घसरतं. म्हणून तासाची वाट न बघता दर अर्ध्या तासाला उठा. जड काम, म्हणजे ग्रॅव्हिटी, पॅनेल पुसणं, रजिस्टर लावणं, हे दोन ते पाचमध्ये टाका, अभ्यास त्याआधी. कामावर निघण्यापूर्वी संध्याकाळी दीड-दोन तास झोपा. चहा तीनपर्यंतच, नंतरचा सकाळची झोप खातो. डुलकी टाळायचं आणखी एक कारण: गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं डोकं चालत नाही, आणि फोन येतो तो नेमका तेव्हा.

नवा_ऑपरेटर:
धन्यवाद. अभ्यासासाठी कानात इअरफोन लावून व्हिडिओ लेक्चर बघितले तर?

फीडर_पिलर:
नको. एका कानातही नको. हूटर (धोक्याचा भोंगा) वाजला नाही किंवा ऑग्झिलरी (मदतनीस) रिले अडकला, तर ब्रेकरचा 'धाड' आवाज एवढीच खूण उरते. कागदावरचा अभ्यास करा: सुपरवायझर परीक्षेचे प्रश्नसंच, विद्युत नियम. पंचवीस मिनिटांत सोडवून होईल एवढाच तुकडा घ्या. उपकेंद्राची सिंगल लाइन आकृती न बघता कोऱ्या कागदावर काढायचा सराव तर सगळ्यात उपयोगी.

नवा_ऑपरेटर:
आणि पहाटे फीडर ट्रिप झाला तर क्रम?

डीसी_बसबार:
१. घड्याळ बघा, वेळ लिहा.
२. रिलेचा फ्लॅग किंवा एलईडी वाचून लिहा: ओव्हरकरंट की अर्थ फॉल्ट, कोणता फेज. रीसेट त्यानंतरच. आधी रीसेट केलं तर पुरावाच गेला.
३. लाईनमनला आणि वरिष्ठांना कळवा.
४. फीडर पुन्हा चार्ज (चालू) करणं तुमच्या कार्यालयाच्या लेखी सूचनेप्रमाणेच. अर्थ फॉल्टवर पुन्हा ट्रिप झाला तर थांबा. तार तुटून शेतात पडलेली असू शकते, ओल्या रानात ती जीव घेते.
५. काम निघालं तर आधी ब्रेकर उघडा, मग आयसोलेटर (लाईन वेगळी करणारा स्विच). लोडवर आयसोलेटर कधीच ओढायचा नाही, आर्क होतो. डिस्चार्ज रॉड (बंद लाईन जमिनीला जोडणारी काठी) लावताना आधी अर्थची बाजू, मग कंडक्टर; काढताना उलट.

पहाटे शेतकऱ्यांचे फोन येतील, 'काम झालंय, लाईन सोडा'. कुणीही सांगितलं तरी सोडायची नाही. परमिट (लाईनवर काम करायची लेखी परवानगी) ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं, नंबर आणि वेळ रजिस्टरला चढवायची, माणसं आणि अर्थिंग काढल्याचं त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, मगच ब्रेकरला हात.