खुब्याची कूर्चा: नुसतं मायक्रोफ्रॅक्चर की वर मेम्ब्रेन? मदत हवी आहे

वय ३६, उजवा खुबा. एमआर आर्थ्रोग्राममध्ये (सांध्यात कॉन्ट्रास्ट द्रव सोडून काढलेला एमआरआय) वाटीच्या पुढच्या-वरच्या कडेला सुमारे ३ चौरस सेंमी कूर्चा पूर्ण जाडीची गेलेली, लॅब्रम (वाटीच्या काठाची मऊ कडी) फाटलेला, कॅमही (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी जादा उंचवटा) आहे. एक्स-रेत सांध्यातली फट ३ मिमीच्या वर, डिस्प्लेजिया (वाटी उथळ असणं) नाही. त्यामुळे खुबा बदलण्याचे सल्ले कृपया नकोत. फिजिओ झाली. सांध्यातल्या इंजेक्शनने दुखणं थांबलं, टिकलं नाही. म्हणजे दुखणं सांध्यातलंच.

दुर्बिणीतून कॅम घासणं, लॅब्रम शिवणं ठरलंय. अडलंय ते कूर्चेवर. मायक्रोफ्रॅक्चरने, म्हणजे हाडाला बारीक छिद्रं पाडून, भरते ती तंतुमय कूर्चा, मूळच्याइतकी टिकत नाही. छिद्रांवर कोलेजन मेम्ब्रेन (पातळ पडदा) बसवली तर रक्ताची गुठळी जागेवर धरून राहते, पण खर्च वाढतो. पेशी वाढवून रोपण म्हणजे दोनदा शस्त्रक्रिया, ते शक्य नाही. कुबड्या ८ आठवडेही चालतील.

एवढ्या आकाराला, भोवतालच्या कडा शाबूत असताना, मेम्ब्रेनचा फरक पाच वर्षांनीही जाणवतो का?