सायकलचे चकचकीत रुपेरी भाग काळ्या भागांपेक्षा सरस आहेत का?

जुनीचाके (चरई, ठाणे)

आधी माझी बाजू मांडतो. क्रँक (पेडल ज्याला जोडतात तो दांडा), हब (चाकाचा मधला तुंबा), स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा भाग), सीटपोस्ट (सीटखालची नळी), ब्रेक हे भाग घासून, झिलई देऊन रुपेरी ठेवण्याची जी पद्धत पूर्वी चांगल्या सायकलींवर सर्रास दिसत असे, ती नुसती फॅशन नव्हती. त्या झिलईमुळे धातूला दिलेला घाट डोळ्यांना कळतो. काम्पान्योलो या इटालियन कंपनीचा १९६७ सालचा नुओव्हो रेकॉर्ड डिरेल्यूर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) हातात घेतला, तर कोणती कड कुठे वळते आणि कुठे निमुळती होते हे त्यावर पडलेल्या उजेडावरूनच समजते; तोच भाग काळा करून पाहा, केवळ बाह्यरेषा उरेल.

रुपेरी म्हणजे जुनाट, असाही एक समज आहे. शिमानो या जपानी कंपनीने १९८४ मध्ये ड्युरा-एस ७४०० ही सायकलच्या भागांची मालिका आणली, तिच्यातील लिव्हर एका खटक्याला नेमका एक गिअर बदलत असे, आणि त्या काळातील सर्वांत पुढारलेली ही यंत्रणा चकचकीत रुपेरीच होती. पुढे कार्बन फायबर आले, ते मुळातच काळे, आणि त्याच्या शेजारी शोभावेत म्हणून धातूचे भागही काळे होत गेले असावेत असे माझे अनुमान आहे. २०१६ च्या ड्युरा-एस ९१०० पर्यंत पोहोचेस्तोवर रुपेरी रंग जवळपास हद्दपार झाला. कार्बनच्या जाड फ्रेमवर काळे भाग शोभतात हे मान्य. पण पोलादाच्या सडपातळ नळ्यांच्या, निळ्या किंवा मेंदी रंगाच्या फ्रेमवर तेच भाग जड आणि उपरे वाटतात.

आणखी एक गोष्ट म्हणजे झीज. बुटाची टाच घासून काळ्या क्रँकवर पांढुरका पट्टा उमटतो आणि तो घरी काही केल्या जात नाही. रुपेरी क्रँक झिजला तरी आतून रुपेरीच निघतो.

खाडीकाठ (नेरुळ)

मी पूर्णपणे असहमत आहे. हा युक्तिवाद कोरड्या हवेच्या गावात चालेल, पाम बीच रस्त्यालगत राहणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. खाडीवरून येणारी खारट, दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असलेली सायकल, एवढे जमून आले की चकचकीत हँडलवर आधी बारीक ठिपके येतात, मग त्यांतून तांबूस गंज डोकावतो. ज्यांच्या घरी ॲटलस किंवा हर्क्युलिस होती त्यांना हे वेगळे सांगायला नको. रिमचेही तेच: क्रोमची रिम ओली झाली की ब्रेकचे रबर नुसते घसरते. मी सायकल स्थानकापर्यंत जाण्यासाठी वापरते, दर रविवारी ब्रासो (धातूचे पॉलिश) घेऊन बसण्यासाठी नाही.

बफवाला (वागळे इस्टेट)

धातूची झिलई हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वरच्या दोन्ही प्रतिसादांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या गेल्या आहेत. खाडीकाठ ताईंनी वर्णन केलेले हँडल पोलादाचे असून त्यावर क्रोमचा मुलामा आहे. क्रोमच्या थरात अतिसूक्ष्म भेगा असतात, त्यांतून ओल खालच्या पोलादापर्यंत जाते, तिथे धरलेला गंज फुगतो आणि मुलामा सोलून वर येतो. ओल्या रिमवर ब्रेक न लागण्याची तक्रारही या पोलादी रिमचीच आहे; ॲल्युमिनियमच्या रिमवर ब्रेक पावसात पुष्कळ चांगला लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे नुसता घासलेला उघडा ॲल्युमिनियम. हवेत त्यावर आपोआप ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर बसतो आणि एरवी तो पुरतो, पण मिठातील क्लोराइड तो थर जागोजागी फोडते आणि पृष्ठभागावर पांढुरकी भुकटी व बारीक खड्डे दिसू लागतात. या प्रकाराबद्दल ताईंची शंका रास्त आहे.

तिसऱ्या प्रकारात आधी झिलई करतात आणि मग ॲनोडायझिंग. भाग आम्लाच्या टाकीत बुडवून वीज सोडली की तोच ऑक्साइडचा थर काही मायक्रॉनपर्यंत जाड होतो. काळ्या भागावरही हाच थर असतो. फरक इतकाच की त्याची छिद्रे बंद करण्यापूर्वी त्यांत रंग भरलेला असतो. म्हणजे खाऱ्या हवेपासून मिळणारे संरक्षण रंगावर नाही, थराच्या जाडीवर आणि छिद्रे किती नीट बंद केली यावर ठरते. ‘काळे टिकते, रुपेरी गंजते’ हे म्हणणे इथे लागू पडत नाही.

मात्र जुनीचाके यांचेही पूर्ण खरे नाही. ॲनोडायझिंग केलेला रुपेरी भाग खरचटला, तर तो थर ब्रासोने हलत नाही. आधी थर काढावा लागतो आणि त्यासाठी कॉस्टिक लागते, जे घरच्या बाल्कनीत हाताळण्याची वस्तू नव्हे. शिवाय थर काढल्यावर तो भाग वरच्या दुसऱ्या प्रकारात जाऊन बसतो. बफच्या चाकावर फार दाबले की कोरलेली अक्षरेही पुसट होतात. हौसेने आणलेले असे कितीतरी सुंदर भाग मी नावाशिवाय परत जाताना पाहिले आहेत.

चढणप्रेमी (घोडबंदर रस्ता)

येऊरचा चढ क्रँकच्या चकाकीने सोपा होत नाही. बारा गिअर, डिस्क ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग हवे असेल तर रुपेरी पर्याय शोधून दमायला होते. २०१७ मध्ये काम्पान्योलोने सेंटॉर हा भागांचा संच रुपेरी रंगात दिला, पण असे अपवाद मोजकेच. आणि ज्या नुओव्हो रेकॉर्डचे एवढे गोडवे गायले जातात, त्याच संचातील क्रँकला पंचकोनी भागाच्या भुजा जिथे मिळतात त्या सांध्यात तडे जातात, हे जुन्या सायकलींच्या जाणकारांना चांगले ठाऊक आहे. देखणेपणासाठी पायाखालचा भाग धोक्यात घालणे मला पटत नाही.

जुनीचाके

तड्यांचा मुद्दा खरा आहे, पण तो त्या क्रँकच्या घडणीचा दोष आहे, रंगाचा नव्हे. उलट चकचकीत पृष्ठभागावर केसाएवढी चीर काळी रेघ होऊन उठून दिसते, आणि काळ्या मॅट भागावर तीच सहज नजरेआड होते. गिअरच्या बाबतीत चढणप्रेमी यांच्याशी वाद नाही, शर्यतीची सायकल बांधणाऱ्याने काळे भाग घ्यावेत. माझा आग्रह रोजच्या वापरातील आणि लांबच्या भटकंतीच्या सायकलींपुरता आहे, आणि त्यांच्यासाठी जपानी कंपन्यांचे भाग, म्हणजे निट्टोचे हँडल व स्टेम, सुगिनोचे क्रँक, डाया-कॉम्पेचे ब्रेक आजही रुपेरी मिळतात. काळ्यापेक्षा त्यांचे वजन जास्त असते हा गैरसमजही सोडावा. धातू तोच असतो.

बफवाला

त्या क्रँकच्या सांध्यातील धारदार कोपरा कानशीने हलका गोल करून घासला तर ताण एका जागी एकवटत नाही, म्हणून काही जण तेवढे काम मुद्दाम करून घेतात. तडा आधीच गेला असेल तर मात्र घासून काही साधत नाही, क्रँक भंगारात द्यावा.

काळे भाग स्वस्त का पडतात याचेही एक कारण सांगतो. आरशासारख्या झिलईत फोर्जिंगची (धातू दाबून घडवतानाची) प्रत्येक खूण दिसते, त्यामुळे माणसाला टप्प्याटप्प्याने घासावे लागते. मॅट काळ्यात वाळूच्या फवाऱ्याने सगळे एकसारखे करून रंग भरला की काम उरकते. ग्राहकाला मात्र हे ‘स्टेल्थ लुक’ म्हणून विकले जाते!

खाडीकाठ

बफवाला यांचे स्पष्टीकरण पटले, तरी क्रोमच्या हँडलला माझा विरोध कायम आहे. ॲनोडायझिंग केलेला रुपेरी स्टेम आणि क्रँक मी लावून पाहीन. रुपेरी सीटपोस्टही चालेल, पण पोलादी फ्रेममध्ये तो ग्रीस न लावता कोणी बसवू नये, कारण आमच्याकडच्या हवेत दोन धातू एकमेकांना असे धरतात की पुढे करवतीशिवाय सुटत नाहीत. आणि ही सूचना काळ्या सीटपोस्टलाही तितकीच लागू आहे.