आयसीपीसीची प्रॅक्टिस: तिघांनी एकाच लॅपटॉपवर बसायचं की आपापल्या?

सांगलीचा_पोरगा:
सेकंड इयर कॉम्प. आम्ही तिघांनी आयसीपीसीसाठी (कॉलेजच्या टीम्सची प्रोग्रामिंग स्पर्धा) टीम केलीय आणि प्रिलिमपर्यंत (पहिली फेरी) दर रविवारी कोडफोर्सेस या कोडिंग स्पर्धांच्या साइटवरच्या जिम विभागातली एखादी जुनी रिजनल (प्रिलिमनंतरची विभागीय फेरी) व्हर्च्युअल, म्हणजे खऱ्यासारखी वेळ लावून द्यायची असं ठरवलंय, पूर्ण ५ तास. एकाचं म्हणणं आपापल्या लॅपटॉपवर बसू, प्रश्न वाटून घेऊ, जास्त सुटतील. दुसरी म्हणते रिजनलला टीमला एकच मशीन मिळतं मग सराव पण तसाच करायचा. मला दोघांचं पटतंय. आणि दहा-बारा प्रश्न एकदम समोर आल्यावर सुरुवात कुठून करायची ते पण सांगा कोणीतरी.

कीबोर्डवाली_ताई:
एकच लॅपटॉप, यात दुमत नको. तीन मशीनवर सराव केलात तर तीन वेगळे स्पर्धक तयार होतील, टीम नाही होणार. मशीन एक असलं की टायपिंगसाठी रांग लागते आणि ती सांभाळणं हेच शिकायचं असतं. प्रश्न प्रिंट काढून घ्या, कोड आधी कागदावर लिहा, डोक्यात पक्कं झाल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही. राँग आन्सर आलं की कोडची प्रिंट घेऊन उठायचं, चूक कागदावर शोधायची, तोवर दुसऱ्याला बसू द्यायचं.
सुरुवातीचं म्हणशील तर तिघांनी प्रश्न वाटून वाचा आणि सगळ्यात सोपा आधी सोडवा, कारण सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाला स्पर्धा सुरू झाल्यापासूनची मिनिटं पेनल्टी म्हणून मोजतात, आणि सारखेच प्रश्न सुटलेल्या टीम्समध्ये कमी पेनल्टीवाली वर जाते. समज एक प्रश्न १० मिनिटांचा, एक ३० चा. सोपा आधी केला तर १० + ४० = ५०, अवघड आधी केला तर ३० + ४० = ७०. तेवढेच प्रश्न सुटले पण पेनल्टी २० मिनिटं जास्त लागली. शिवाय सुटलेल्या प्रश्नावर आधीच्या प्रत्येक चुकीच्या सबमिशनची २० मिनिटं वेगळी. न सुटलेल्याची पेनल्टी नाही, म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात बिनधास्त ट्राय करा.

रात्रपाळी_कोडर:
ताईंचं बरोबर आहे पण मी थोडं वेगळं सांगेन. तिघांपैकी प्रत्येकाला एकट्याने डिव्ह २ चे (कोडफोर्सेसची सोप्या गटाची स्पर्धा) पहिले दोन-तीन प्रश्न सुटत नसतील तर रविवारचे पाच तास एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यात जातील. आठवड्यात एकेकट्याने पण ऑनलाइन कॉन्टेस्ट द्या. कोडशेफ साइटचं स्टार्टर्स कॉन्टेस्ट बुधवारी रात्री ८ ला असतं, कोडफोर्सेसचे बरेचसे राउंड ८:०५ ला (मॉस्कोचे ५:३५, म्हणून ती विचित्र वेळ), मेस लवकर उरकायची एवढंच. नवीन असाल तर ॲटकोडर या जपानी साइटचं बिगिनर कॉन्टेस्ट सगळ्यात छान, शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी ५:३० ला, १०० मिनिटं, प्रश्न दोन-चार ओळीत सांगतात उगाच गोष्ट नाही.

ऑर्डर_एन_लॉग_एन:
प्रश्न वाचताना आधी मर्यादा बघा, म्हणजे एन (इनपुटचा आकार) किती मोठा असू शकतो ते. सेकंदाला ढोबळ दहा कोटी साध्या स्टेप्स धरा. एन २ लाख असेल तर डबल लूप (लूपच्या आत लूप) म्हणजे ४,००० कोटी स्टेप्स, विषयच संपला, सॉर्टिंग किंवा बायनरी सर्च लागणार. एन ५०० असेल तर तीन लूप म्हणजे साडेबारा कोटी, सी++ मध्ये बहुतेक चालून जातं. एन २० दिसला की सगळे सबसेट, साधारण साडेदहा लाखच होतात. आणि इंट (सी++ मधला साधा पूर्णांक) २१४ कोटींच्या वर गेला की फुटतो, बेरीज-गुणाकार असेल तिथे सरळ लाँग लाँग (मोठा पूर्णांक).

सांगलीचा_पोरगा:
पेनल्टीचं गणित कोणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार ताई. कॉन्टेस्ट झाल्यावर एडिटोरियल (प्रश्न कसे सोडवायचे त्याचं स्पष्टीकरण) लगेच वाचायचं का?

कीबोर्डवाली_ताई:
लगेच नको रे. जिथे अडकलात त्याच्या पुढचा एकच प्रश्न घ्या आणि दोन दिवस त्याच्याशी झगडा, मग एडिटोरियल उघडा, आणि वाचून झाल्यावर टॅब बंद करून कोड स्वतः लिहा. मी तर म्हणेन खरी प्रॅक्टिस ही आहे, ते ५ तास फक्त कुठे कच्चे आहात ते दाखवतात. एआयला विचारून प्रश्न ग्रीन (बरोबर सुटलेला) करून घेऊ नका, त्यातून हाताला काही लागत नाही, आणि कोडफोर्सेसने २०२४ मध्ये लाइव्ह राउंडमध्ये त्याच्या वापरावर बंधनं पण घातलीत.

सांगलीचा_पोरगा:
चालेल. या रविवारी एकच लॅपटॉप, लॅबमधल्या सरांना प्रिंटरसाठी विचारतो.