मदत हवी आहे: लिनक्स कर्नल मॉड्यूल कंपाइल होतं, पण लोड होत नाही

बोर्ड ६४ बिट आर्मचा, रॅम ५१२ एमबी. बोर्डासोबत आलेला लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.१०, निर्मात्याने स्वतः पॅच केलेला. मॉड्यूल (कर्नलला नंतर जोडता येणारा कोड) अगदी साधं आहे: लोड होताना आणि काढताना प्रिंटके-ने (कर्नलच्या लॉगमध्ये लिहिणारं फंक्शन) एकेक ओळ छापायची, बस्स.

या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फायली) पॅकेजमध्ये मिळत नाहीत, त्यामुळे लिब-मॉड्यूल्सखालची 'बिल्ड' ही लिंक कुठेच जात नाही. म्हणून निर्मात्याने दिलेला सोर्स घेतला, प्रॉक-मधली कॉन्फिग-डॉट-जीझेड (चालू कर्नलची सेटिंग्ज) उलगडून त्यात कॉपी केली आणि 'मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर' (सोर्स मॉड्यूल बांधण्याजोगा करणारी आज्ञा) चालवलं. मॉड्यूल बनलं. इनसमॉड (मॉड्यूल लोड करायची आज्ञा) केल्यावर मात्र 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट', आणि डीमेसेगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'नो सिम्बॉल व्हर्जन फॉर मॉड्यूल_लेआउट'.

व्हरमॅजिक (मॉड्यूलमधली कर्नल-आवृत्तीची खूण) तपासून झालंय, अक्षर न अक्षर जुळतं. जीसीसी कंपायलरही कर्नल ज्याने बांधला त्याच आवृत्तीचा आहे. कॉन्फिगमध्ये मॉडव्हर्जन्स (मॉड्यूल वापरत असलेले सिम्बॉल, म्हणजे कर्नलमधल्या फंक्शन वगैरेंची नावं, त्यांच्या सीआरसी या तपासणी-आकड्यांवरून कर्नलशी जुळतात का ते पाहणारा पर्याय) चालू आहे आणि मॉड्यूल-डॉट-सिमव्हर्स ही या सीआरसींची यादी असलेली फाइल माझ्याकडे नाही, 'प्रिपेअर' ती बनवत नाही. खरी अडचण इथेच असावी असं वाटतं.

कर्नल बदलता येणार नाही. डिस्प्लेचा ड्रायव्हर फक्त याच कर्नलसाठी बायनरी स्वरूपात आहे. जबरदस्तीने, म्हणजे 'फोर्स' देऊन लोड करायचं नाही. पुढे याच बोर्डावर जीपीआयओ (बोर्डाच्या साध्या इनपुट-आउटपुट पिना) इंटरप्टचा ड्रायव्हर लिहायचाय, त्यामुळे पाया नीट हवा. लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कंपाइल) करायची तयारी आहे.

पूर्ण कर्नल लॅपटॉपवर बांधला तर त्यातल्या सिमव्हर्समधले सीआरसी बोर्डावर चालू असलेल्या कर्नलशी जुळतील का? की बोर्डावर आधीच असलेल्या .केओ (तयार मॉड्यूलच्या) फायलींमधून 'मॉडप्रोब'च्या डम्प-मॉडव्हर्जन्सने सीआरसी काढून ती फाइल हाताने तयार करणं जास्त खात्रीचं?