'फ्रँटिक'ला मराठीत काय म्हणावं?

एका कथेच्या अनुवादात अडले आहे. मुलगी अजून घरी आलेली नाही आणि आई 'फ्रँटिक' फोन करते आहे. मी 'घाबरून' लिहिलं, संपादकांनी 'व्याकूळ होऊन' केलं. दोन्ही पटत नाही.

— व्याकूळ माणूस एका जागी बसून राहू शकतो. फ्रँटिक माणसाला बसवतच नाही. 'सैरभैर' घ्या.

— सैरभैर माणसाला दिशा नसते. या बाईला काय हवंय ते पक्कं ठाऊक आहे. मुळाकडे जा: ग्रीक 'फ्रेन' म्हणजे मन, त्यावरून 'फ्रेनायटिस' म्हणजे मेंदूचा दाह, तापातला भ्रम. तोच शब्द लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि 'फ्रँटिक', 'फ्रेनेटिक' अशी त्याची दोन रूपं झाली. मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये घडवलेल्या 'स्किझोफ्रेनिया'तही तोच 'फ्रेन' आहे. फ्रँटिकचा जुना अर्थ सरळ 'वेडा'. म्हणून 'वेडीपिशी होऊन'.

— व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ कसा ठरवायचा? 'फ्रँटिक एफर्ट्स'मध्ये वेड कुठे आहे? तिथे आपण 'आटापिटा' म्हणतो. मुळात विशेषणाचा हट्टच सोडा. मराठीत ही तगमग क्रियापदात येते: 'ती फोनवर फोन लावत सुटली.' त्या 'सुटली'त सगळं आलं. इंग्रजीतलं विशेषण मराठीत विशेषणच राहिलं पाहिजे, या आग्रहाने आपले अनुवाद कडक झालेत.

— पण 'सुटली'त भीती कुठे आहे? उत्साहाच्या भरातही माणूस फोन लावत सुटतो. 'हवालदिल होऊन' जोडा.

— पुन्हा फारसी! 'जिवाच्या आकांताने' असताना उसना शब्द कशाला?

— जिवाच्या आकांताने माणूस ओरडतो, पळतो. फोन करणं कानाला खटकतं. आणि 'हवालदिल' उसना कसा? अरबी 'हौल' म्हणजे धास्ती, त्याला फारसी 'दिल' जोडलेलं. हवाल्याशी संबंध नाही. पिढ्यान्‌पिढ्या बोलतोय आपण. हरकत अर्थाची आहे: हवालदिल माणसाचे हातपाय गळतात, फ्रँटिक माणसाचे थांबत नाहीत.

— माझी आजी 'दी' चांगला लांबवून 'हवालदील' म्हणायची. 'गरीब', 'जमीन' दीर्घ, मग हाच ऱ्हस्व का?

— 'दिल' ऱ्हस्व लिहितो म्हणून.

— अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार दीर्घ लिहायचा, या नियमातून सूट तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या) शब्दांना आहे, फारसीला नाही. 'दील'च हवं.

— मग 'मुश्किल'चं काय करायचं?